‘सुकली का?’

आमच्या आत्याच्या डाव्या पायाला, घोट्याच्या जरा वर आतल्या बाजूला, वर्षभर जखम होती. घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, ‘सुकली का?’ मराठीत जखम बरी होण्याला आपण सुकणंच म्हणतो. त्यामुळे ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांनी ट्यूब पिळून हायड्रोजेल नावाचं गार, थलथलीत, पारदर्शक जेल जखमेत भरलं, तेव्हा आत्याला ते मुळीच पटलं नाही. ‘अगं, आधीच ओली आहे. त्यात आणखी पाणी कशाला घालतेस?’

आत्याचा प्रश्न रास्त होता. १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक डॉक्टरांनीही तोच विचारला असता. जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने १९६२ साली डुकरांच्या अंगावर उथळ जखमा केल्या. काही उघड्या सोडल्या, काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. उघड्या जखमांवर छान कोरडी खपली धरली. झाकलेल्या ओल्या राहिल्या, पण त्यांच्यावर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. नव्या पेशी जखमेच्या कडेने सरपटत आत येतात. वर कोरडी खपली असेल तर त्यांना तिच्याखालून, ओल शोधत, वाट काढावी लागते. ओल्या पृष्ठभागावर त्यांना वाट मोकळी मिळते.

अर्थात डुकराची ताजी जखम वेगळी आणि आत्याचा पाय वेगळा. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये एकमार्गी झडपा असतात. आपण नुसते उभे असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालायला लागलं की पोटरी रक्त वर ढकलते आणि दाब झपाट्याने उतरतो. झडपा निकामी झाल्या की तो उतरतच नाही. महिनोन्महिने तुंबलेल्या रक्तातून पाणी आणि तांबड्या पेशी ऊतींमध्ये झिरपतात, घोट्याभोवतीची कातडी तपकिरी-काळपट आणि लाकडासारखी टणक होते. मग कधीतरी पलंगाचा कोपरा लागतो किंवा डास चावल्यावर खाजवलं जातं. तेवढ्या निमित्ताने कातडी फाटते आणि भरत नाही. डॉक्टर याला व्हीनस अल्सर म्हणतात. पायाच्या जुनाट जखमांमध्ये याच सर्वांत जास्त.

अशा जखमेच्या तळाशी एक पिवळट, चिवट थर धरतो. तो पू नव्हे. मेलेल्या पेशी, फायब्रिन नावाचं चिकट प्रथिन आणि जंतू यांचा तो लगदा असतो. इंग्रजीत त्याला स्लफ म्हणतात आणि आपल्याकडच्या दवाखान्यांतही तोच शब्द चालतो. मला तो बघून दूध आटवलेल्या पातेल्याची खरवड आठवते. ती काढायचे दोन मार्ग प्रत्येक घरात ठाऊक असतात: उलथन्याने खरवडा, नाहीतर पाणी घालून रात्रभर भिजत ठेवा. जखमेतही हेच दोन मार्ग आहेत. सर्जन कात्री-चिमट्याने किंवा ब्लेडने तो थर काढतात. ते काम झटपट होतं, पण त्याला सराईत हात लागतो आणि रुग्णाला दुखतं. पूर्वी ओलं गॉज जखमेत वाळू देऊन ओढून काढायची पद्धत सर्रास होती. त्यात पिवळ्या थराबरोबर खालचं नवं लाल मांसही उपटलं जायचं.

हायड्रोजेल म्हणजे भिजत घालण्याचा मार्ग. फक्त पातेल्यात सगळं काम पाणी करतं, जखमेत ते आपलं शरीर करतं. पांढऱ्या पेशी प्रथिनं विरघळवणारी विकरं सोडतच असतात, पण कोरड्या चामड्यासारख्या थरात ती शिरू शकत नाहीत. जेलमधलं पाणी थर मऊ करतं, विकरांना आत वाट मिळते आणि मेलेला भाग सुटा होतो. जिवंत मांसाला धक्का लागत नाही.

हायड्रोजेल कसं असतं ते बघायला दवाखान्यात जायला नको. फालुद्यातला सब्जा बघा. प्रत्येक बियेभोवती जो बुळबुळीत पारदर्शक गोळा फुगतो, तो हायड्रोजेलच: पाणी धरून ठेवणाऱ्या लांबलचक रेणूंची जाळी. माणसाने घडवलेल्या हायड्रोजेलची कहाणी प्रागमध्ये सुरू होते. तिथल्या ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० साली असा पदार्थ शरीरात वापरता येईल असं मांडलं आणि १९६१ च्या नाताळात विख्टरलेंनी मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याच्या तुकड्यांतून यंत्र जोडून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. जखमेवरचं जेल त्याच गोतातलं, फक्त जास्त पातळ.

दुकानात अशी जेल कितीतरी नावांनी मिळतात. त्यांच्यात फरक काय? परदेशातल्या अभ्यासांत हमखास भेटणारी दोन घेऊ. इंट्रासाइटमध्ये २.३ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज (आइस्क्रीम आणि टूथपेस्ट दाट करायलाही हेच वापरतात), २० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि बाकी पाणी. प्युरिलॉनमध्ये तेच सेल्युलोज, जोडीला समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट, आणि ९० टक्क्यांहून जास्त पाणी. प्रॉपिलीन ग्लायकॉल ओल टिकवतं आणि जंतूंना रोखतं, पण वर्षानुवर्षं मलमं चोपडून हळव्या झालेल्या पायाला काही वेळा त्याचीच ॲलर्जी येते. जेल लावल्यावर भोवतीची कातडी लाल होऊन खाजायला लागली, तर संसर्गाच्या आधी हा संशय घ्यावा.

जेलांची तुलना करायची प्रयोगशाळेतली एक रीत मला फार आवडते. १० ग्रॅम जेल घट्ट जिलेटिनवर ठेवतात. ३५ टक्के जिलेटिन म्हणजे वाळलेला, मेलेला थर. तेवढंच जेल २ टक्क्यांच्या लिबलिबीत अगरवर (म्हणजे चायना ग्रासवर) ठेवतात, ती पाझरणारी जखम. ठरलेल्या वेळाने वजन करतात: जेलने पाणी दिलं किती, घेतलं किती. चांगलं जेल कोरड्याला पाणी देतं आणि ओल्याकडून घेतं. दोन्हीकडे कोण किती पटाईत, यावर जेलांची क्रमवारी लागते. पण जिलेटिनला ना वेदना, ना झडपा, ना मधुमेह. टेबलावर दिसणारा हा फरक रुग्णाच्या पायावर पोचेपर्यंत पुसट होतो. तिथे जेल कसं लावलं यालाच जास्त महत्त्व येतं.

आत्याच्या ड्रेसिंगला मी शेजारी बसायचो. सलाइनने धुऊन झालं की सिस्टर जेलचा अर्धा सेंटिमीटरभर थर फक्त जखमेच्या आत भरायच्या. कडेच्या चांगल्या कातडीवर झिंकची पेस्ट लावायच्या, नाहीतर ती भिजून पांढरी पडते आणि जखम रुंदावते. वर पातळ फिल्म किंवा फोम. एकदा सिस्टर नव्हत्या म्हणून आम्ही जेलवर नुसतं गॉज ठेवलं. गॉजने सगळं जेल पिऊन टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ते जखमेला चिकटून बसलं. ते सोडवताना आत्याने जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत. आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर घाबरलो नसतो: पहिल्या आठवड्यात पट्टी उघडली की पिवळा घाण रस निघतो, वास येतो, जखम आधीपेक्षा मोठीही दिसते. थर सुटून खरा आकार उघडा पडतो, इतकंच. ताप, वाढती लाली किंवा ठणका असेल तर मात्र प्रकरण वेगळं, डॉक्टरांना लगेच दाखवावं. रक्तपुरवठा कमी झालेल्या पायाचं काळं, कोरडं पडलेलं बोट जेलने भिजवायचं नसतं. तिथे ओल आली की संसर्ग पसरतो.

जेलचा खरा कस ब्रिटनमधल्या व्हीनस-२ या चाचणीत लागला. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. पायाच्या जखमेचा किमान चतुर्थांश भाग मेलेल्या थराने झाकलेला आहे अशा २६७ रुग्णांपैकी काहींना हायड्रोजेल मिळालं आणि काहींच्या जखमेत चक्क अळ्या सोडल्या. हिरव्या माशीच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या निर्जंतुक अळ्या. त्या मेलेलं तेवढंच खातात. काही रुग्णांना मोकळ्या अळ्या दिल्या, काहींना जाळीच्या पिशवीत बांधलेल्या. मोकळ्या अळ्यांनी जखम साफ व्हायला साधारण १४ दिवस लागले, पिशवीतल्यांनी २८ आणि जेलने ७२. जेल सपशेल हरलं म्हणायचं. पण जखम भरायला किती वेळ लागला? दोन्हीकडे साधारण आठ महिने. अळ्या लावलेल्यांना वेदना मात्र दुपटीच्या आसपास झाल्या.

साफ होणं आणि भरणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे सुश्रुताला ठाऊक होतं. जखमेवरच्या त्याच्या साठ उपक्रमांत शोधन (साफ करणं) आणि रोपण (भरून आणणं) वेगवेगळे मोजलेले आहेत. मध-तूपही त्याच्याकडे आहे. आयर्लंडमध्ये १०८ रुग्णांवर मानुका मध (न्यूझीलंडमधल्या एका झुडपाच्या फुलांचा) आणि हायड्रोजेल यांची तुलना झाली: चार आठवड्यांत पिवळा थर मधाने सरासरी ६७ टक्के घटला, जेलने ५३ टक्के, बारा आठवड्यांत मधवाल्यांपैकी ४४ टक्के जखमा भरल्या, जेलवाल्यांपैकी ३३ टक्के. आकडे मधाच्या बाजूने आहेत, पण तो मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. फडताळातली बरणी उघडू नका. चांदीच्या ड्रेसिंगचा बोलबाला मोठा आणि किंमतही मोठी, पण ब्रिटनमध्येच २१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अशा जखमा भरायला तिचा फायदा दिसला नाही.

वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये अशी जखम साफ करण्याच्या सगळ्या पद्धतींचा धांडोळा घेतला, तेव्हा हाती लागल्या दहा चाचण्या आणि ७१५ रुग्ण. मुद्दाम साफ केल्याने जखम लवकर भरते, असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांत निघाला नाही. म्हणून मी जेलांमध्ये निवड करायची वेळ आली तर स्वस्त, न झोंबणारं, ॲलर्जी न येणारं घेईन आणि उरलेले पैसे पट्टीवर खर्च करीन.

पट्टी म्हणजे दाबपट्टी. घोट्याला साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याचा दाब देत, बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत थर चढवत बांधलेली. झडपांनी सोडलेलं काम ती बाहेरून करते. बांधण्याआधी डॉपलरने (रक्ताचा प्रवाह ध्वनिलहरींनी टिपणाऱ्या यंत्राने) घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघतात. गुणोत्तर ०.८ च्या खाली आलं तर धमन्यांतही अडथळा आहे, तिथे पूर्ण दाब दिला तर पायच धोक्यात येतो. आणि बिघडलेली शीरच लवकर बंद केली तर? ब्रिटनमधल्या इव्ह्रा चाचणीत ४५० रुग्णांना दाबपट्टी होतीच. ज्यांच्या शिरेवर लगेच उपचार झाले त्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, ज्यांच्यावर उशिरा झाले त्यांच्या ८२ दिवसांत. हे निष्कर्ष २०१८ चे.

आत्याची जखम भरली. ती पुन्हा उघडू नये म्हणून डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा दिलाय, सकाळी उठल्याउठल्या चढवायचा आणि रात्री झोपताना काढायचा. मे महिना लागल्यापासून तो दुपारी बाराला उतरतो आणि दारामागच्या खुंटीवर लटकतो. विचारलं तर म्हणते, ‘सुकलीय की आता!’