इ. स. १००० च्या सुमारास हिंदी महासागर : चोळांच्या १०२५ च्या स्वारीची पार्श्वभूमी

इसवी सन १००० उजाडले तेव्हा ते हजारावे साल आहे, हे जगातील फार थोड्या लोकांना ठाऊक होते. कोकणात त्या वर्षी शके ९२२ सुरू झाले, कैरोत हिजरी ३९० चालू होते आणि चीनच्या सोंग दरबारात सम्राट झेनझोंगच्या शिएनपिंग या कालखंडाचे तिसरे वर्ष मोजले जात होते. जगबुडीच्या भीतीने सारा युरोप गारठला होता, ही गोष्ट बरीचशी नंतरच्या शतकांत रंगवलेली आहे. रोममध्ये तेव्हा पोप सिल्व्हेस्टर दुसरा गादीवर होता. भारतातून अरबांमार्फत स्पेनपर्यंत गेलेले १ ते ९ हे अंक त्याला माहीत होते, मात्र मोजणीच्या पाटावर अंक लिहिलेल्या सोंगट्या मांडताना शून्याची गरज पडत नसे. तेव्हा ज्या तीन शून्यांचे आपल्याला एवढे अप्रूप वाटते, ती त्याच्या हातून लिहिली जाण्याचा संभव कमीच होता.

त्या काळाचे जग समजून घ्यायचे तर पंचांगापेक्षा समुद्राकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. १०२५ च्या सुमारास तमिळ देशाचा राजा राजेंद्र चोळ याने सुमात्रा आणि मलाय द्वीपकल्पावरील श्रीविजय राज्यावर आरमार पाठवले. ही घटना एका राजाच्या पराक्रमाची गाथा म्हणून सांगण्याची प्रथा आहे. तिची मुळे मात्र कैरोपासून चीनमधील सोंगांच्या राजधानीपर्यंत, म्हणजे कायफेंगपर्यंत, पसरलेली होती आणि ती आधीच्या पन्नासएक वर्षांत रुजली होती.

पश्चिमेकडे बगदादच्या अब्बासी खलिफांची सत्ता नावापुरती उरली होती. इराणच्या आखातावरील सिराफ हे मोठे बंदर ९७७ च्या भूकंपात हादरले. त्याआधी ९६९ मध्ये फातिमी घराण्याने इजिप्त जिंकून कैरो वसवले होते, आणि हिंदी महासागरातील मालाचा मोठा ओघ हळूहळू आखाताकडून एडन व तांबड्या समुद्राकडे वळू लागला.

पूर्वेकडे ९६० मध्ये स्थापन झालेल्या सोंग राज्याची अडचण निराळी होती. उत्तरेला खितान लोकांचे ल्याव राज्य बळकट होते आणि खुष्कीचे मार्ग सोंगांच्या हातात नव्हते. १००५ च्या तहानुसार ल्याव राज्याला दरवर्षी १ लाख तैल (चिनी वजनाचे माप) चांदी आणि २ लाख ताके रेशीम देण्याचे सोंगांनी मान्य केले. ही रक्कम युद्धाच्या खर्चापेक्षा कमीच होती, पण समुद्रावरील जकातीचे मोल या दरबाराने त्याआधीच ओळखले होते. ग्वांगझू येथे ९७१ मध्ये सागरी व्यापाराची कचेरी उघडण्यात आली आणि ९८७ मध्ये दक्षिणेच्या समुद्राकडे चार पथके रवाना झाली. त्यांच्याजवळ सोने आणि रेशीम तर होतेच, शिवाय नावाची जागा कोरी ठेवलेली बादशाही पत्रेही होती. जो राजा किंवा व्यापारी भेटेल त्याचे नाव तेथे भरायचे आणि त्याला आमंत्रण द्यायचे. सुगंधी लाकूड, लोबान, कापूर, मिरी, हस्तिदंत आणि मोती यांना चीनमध्ये भरपूर मागणी होती.

या दोन टोकांमधला प्रवास वाऱ्यावर अवलंबून होता. एका मोसमात अरबस्तानातून चीन गाठणे शक्य नसल्याने गलबतांना मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या आसपास वारा पालटेपर्यंत मुक्काम करावा लागे. त्या मुक्कामावर ज्याचा ताबा, त्याला दोन्हीकडच्या मालावर हात ठेवता येई. श्रीविजयचे सामर्थ्य यातच होते आणि ते टिकवण्यासाठी तेथील राजांनी दोन्ही किनाऱ्यांवर गोडी राखली. १००३ मध्ये राजा चूडामणिवर्मन याच्या वकिलांनी सोंग दरबारात सांगितले की, आपण सम्राटाच्या दीर्घायुष्यासाठी एक बौद्ध मंदिर बांधले आहे, त्याला नाव आणि घंटा मिळाव्यात. सम्राटाने दोन्ही दिल्या. दोन-तीन वर्षांतच त्याच घराण्याचा विहार चोळांच्या नागपट्टिनम बंदरात उभा राहत होता, आणि राजेंद्राचा पिता राजराज चोळ याने त्याच्या खर्चासाठी आनैमंगलम गावाचे उत्पन्न लावून दिले. हे दानपत्र एकवीस ताम्रपटांवर कोरलेले असून चोळांची मुद्रा असलेल्या जाड कडीत ते ओवले आहेत. त्यांतील पाच पत्र्यांवर संस्कृत प्रशस्ती आहे, तर उरलेल्या सोळांवर गावाच्या सीमा आणि करांचा तपशील तमिळमध्ये दिला आहे. शिवभक्त राजाने परदेशी राजाच्या बौद्ध विहाराला गाव द्यावे, यात औदार्य असेलही. बंदराच्या उत्पन्नाचा हिशेबही असणारच.

राजराजाने तोवर उत्तर श्रीलंका जिंकली होती, केरळचा किनारा ताब्यात आणला होता आणि 'समुद्रातील बारा हजार जुनी बेटे', म्हणजे मालदीव, जिंकल्याचे लेखात नोंदवले होते. त्याची झळ दख्खनलाही लागली. चालुक्य राजा सत्याश्रय याच्या १००७ च्या होट्टूर शिलालेखात नऊ लाखांच्या चोळ सैन्याने देश उद्ध्वस्त केल्याची तक्रार आहे. आकडा अर्थातच फुगवलेला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र निराळीच हळहळ होती. शिलाहार राजा अपराजिताच्या शके ९१९ मधील भादाने ताम्रपटात, चालुक्य राजा तैलप याने चोवीस वर्षांपूर्वी बुडवलेल्या राष्ट्रकूटांच्या राज्याची खंत व्यक्त झाली आहे. ज्या राष्ट्रकूटांच्या छत्राखाली चौल आणि संजाणला अरब व्यापारी सुखाने राहत, ते छत्र मोडल्यावर पश्चिम किनाऱ्यावर तेवढी मोठी सत्ता उरली नव्हती. चोळांना समुद्रावर मोकळीक मिळाली, तिचे हेही एक कारण असावे.

१०१५ मध्ये चोळांचे शिष्टमंडळ तीन वर्षांच्या प्रवासानंतर मोत्यांचा नजराणा घेऊन सोंग दरबारात पोहोचले. चीनशी थेट बोलणे सुरू झाल्यावर मधला दलाल डोळ्यांत खुपणे स्वाभाविक होते. दहा वर्षांनी झालेल्या स्वारीमागे केवळ लूट होती असे काही अभ्यासक मानतात, आणि लूट झाली यात शंकाही नाही. परंतु राजेंद्राच्या तमिळ प्रशस्तीतील ठिकाणांची यादी, म्हणजे श्रीविजय, पण्णै (सुमात्रा), इलंगाशोकम् (मलाय द्वीपकल्प), निकोबार आणि कडारम् (आजचे केदाह), ही सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांची आणि तिच्या तोंडाची यादी आहे. 'उसळत्या समुद्रात अनेक जहाजे पाठवून' कडारम्चा राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मन याला हत्तींसह पकडल्याचे त्यात म्हटले आहे. सोमनाथवर गझनीच्या महमूदाची स्वारी झाली ती १०२५-२६ च्या हिवाळ्यात, म्हणजे जवळपास याच सुमारास. आपल्या स्मरणात ती घट्ट बसली आणि ही मात्र निसटली.

चोळांनी तेथे मुलूख राखला नाही. १०२८ मध्ये श्रीविजयचे वकील पुन्हा चीनमध्ये हजर झाले. तमिळ व्यापारी मात्र सुमात्रात टिकून राहिले. त्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बारूस या कापराच्या बंदरात १०८८ चा एक तमिळ शिलालेख सापडला आहे. तो 'ऐन्नूऱ्रुवर', म्हणजे पाचशेंचा संघ, या व्यापारी श्रेणीचा असून बंदरात येणाऱ्या गलबताच्या नाखव्याने आणि खलाशांनी कस्तुरीच्या भावाने सोन्यात कर भरावा, असा नियम त्यात कोरला आहे.