निर्देशक तेच, जागा दुसरीच

अक्षांश-रेखांश म्हणजे जागेचा कायमचा पत्ता, असं आपण धरून चालतो. पण जपानच्या जुन्या मोजणीतले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसच्या नकाशावर टाकले, तर टोकियोतली खूण साधारण ४५० मीटर सरकलेली दिसते. आकड्यांत चूक नसते, ते वेगळ्या पृथ्वीवर मोजलेले असतात.

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे. विषुववृत्तावरची तिची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त भरते. उपग्रह नव्हते तेव्हा देशोदेशींच्या सर्वेक्षकांनी आपापल्या भूभागाला नीट बसेल असा चपटा गोल निवडला आणि तो आपल्या जमिनीशी जखडून टाकला. या व्यवस्थेला डेटम म्हणतात. एका डेटममधले निर्देशक, म्हणजे अक्षांश-रेखांशांसारखे जागा सांगणारे आकडे, दुसऱ्यात नेणं आणि गोलावरचे अंश सपाट नकाशावरच्या मीटरांत उतरवणं, ही कामं करणारी सर्वांत परिचित लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, म्हणजे ‘प्रोज’. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या जेराल्ड एव्हेंडेन यांनी ती सुरू केली. क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरांच्या पोटात आजही तीच आहे.

अशी लायब्ररी नव्याने लिहायची म्हटल्यावर सूत्रांची धास्ती वाटते. मला मात्र खरी अडचण जुन्या गृहितकांची वाटते. प्रोजमध्ये असं एक गृहितक वर्षानुवर्षं मुरलेलं होतं: कुठलाही डेटम असो, आधी जीपीएसच्या ‘डब्ल्यूजीएस ८४’ या डेटममध्ये या आणि तिथून पुढे जा. सोय मोठी होती, कारण शंभर डेटम असले तर शंभरच वाटा सांभाळायच्या.

ऑस्ट्रेलियाने ही सोय उघडी पाडली. तो भूखंड वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर सरकतो. म्हणून तिथल्या १९९४ च्या आणि २०२० च्या डेटममध्ये जवळपास १.८ मीटरचं अंतर पडलं आहे. पण जुन्या पद्धतीत दोन्ही डेटम ‘डब्ल्यूजीएस ८४ सारखेच’ असं लिहिलेलं. मग एकातून दुसऱ्यात रूपांतर केलं की फरक निघायचा शून्य! कोडमध्ये एकही गणित चुकलेलं नव्हतं, तरीही उत्तर चूक. अशी चूक एखादी ओळ दुरुस्त करून जात नाही, मांडणीच बदलावी लागते. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत प्रोजने काळ हा चौथा निर्देशक म्हणून स्वीकारला. २०१९ च्या सहाव्या आवृत्तीत तर डेटमांची माहिती एका डेटाबेसमध्ये आली आणि दोन डेटमांमधली थेट वाट असेल तर लायब्ररी ती स्वतः शोधू लागली.

दुसरं गृहितक दिसायला अगदी क्षुल्लक आहे. आधी अक्षांश की आधी रेखांश? सर्वेक्षणाच्या अधिकृत यादीत अक्षांश आधी येतो, जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकारात रेखांश. क्रम उलटला तरी बहुतेक वेळा प्रोग्राम तक्रार करत नाही, खूण निमूटपणे भलत्याच जागी जाऊन बसते.

तपासणीतही एक फसवी जागा आहे. निर्देशक पुढे न्यायचे, परत आणायचे आणि मूळ आकडे मिळाले की निर्धास्त व्हायचं, हा मोह प्रत्येकाला होतो. पण त्रिज्याच चुकीची घेतली असेल तर जातानाची चूक येताना पुसली जाते आणि चाचणी शंभर टक्के यशस्वी ठरते. म्हणून ज्यांचं उत्तर दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे काढलेलं आहे असे बिंदू हवेतच. त्यांत ध्रुव आणि १८० रेखांशाच्या आसपासचेही हवेत. आकडे साठवताना कंजुषी केली तर तिथेच ती नडते: ३२ बिटांत अंश ठेवले तर १८० रेखांशाजवळ दोन शेजारच्या आकड्यांमध्येच विषुववृत्तावर सुमारे १.७ मीटरचं अंतर असतं. ६४ बिटांत ते काही नॅनोमीटरवर येतं.

आणि सूत्र सुधारलं तरी पेच राहतोच. ट्रान्सव्हर्स मर्केटर या प्रक्षेपणाचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या एका पद्धतीचं, प्रोजमधलं जुनं सूत्र नकाशाच्या मध्य रेखांशाजवळ उत्तम चालायचं, दूर गेलं की ढासळायचं. सहाव्या आवृत्तीत त्याची जागा कितीतरी अचूक सूत्राने घेतली. पण म्हणून जुनं सूत्र टाकून दिलं नाही. कमी अचूक पण वेगवान असा पर्याय म्हणून ते लायब्ररीत शिल्लक आहे. मात्र ते हवं असेल तर ‘अप्रॉक्स’ असा शब्द आपल्या हाताने लिहून मागावं लागतं.