औट घटकेचे सम्राट आणि त्यांची नाणी

१९०० साली फ्रान्समधल्या नांत शहराजवळ पुरून ठेवलेल्या नाण्यांचा साठा सापडला. सगळी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली, हलक्या कसाची रोमन नाणी. त्यातल्या एका नाण्याने मात्र जाणकार चक्रावले. किरणांचा मुकुट घातलेला दाढीवाला चेहरा आणि भोवती नाव ‘डोमिशियानस’. पहिल्या शतकातला प्रसिद्ध डोमिशियन हा नव्हे. नाण्याची घडण त्याच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांची होती. तिसऱ्या शतकाच्या सम्राटांच्या यादीत तर हे नाव कुठेच नव्हतं. झोसिमस या इतिहासकाराने सम्राट ऑरेलियनविरुद्ध उठलेल्यांत एका डोमिशियानसचं नाव जाता जाता घेतलं आहे, तेवढंच. अनेक अभ्यासकांनी निकाल दिला, की नाणं बनावट. तो डाग पुढे शंभर वर्षं पुसला गेला नाही.

अशा माणसांना काय म्हणायचं? पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने उभा राहिला तो तोतया. तो दुसऱ्याचं नाव लावून आला होता. हे रोमन दावेदार तोतये नव्हते. ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्यानिशी उभे राहिले. जिंकले ते सम्राट झाले, हरले ते बंडखोर. आपल्याकडचा ‘औट घटकेचा राजा’ हाच शब्द त्यांना चपखल बसतो. औट घटका म्हणजे साडेतीन घटका, ८४ मिनिटं. इतकं अल्प राज्य कुणाचं नव्हतं, पण काहींच्या वाट्याला काही आठवडेच आले.

रोममध्ये वारसाचा लेखी नियम नव्हता. सैन्याने जयजयकार केला की तो सम्राट. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट मान्यता पावले, आणि अमान्य दावेदार निराळेच. सरहद्दीवरच्या सेनापतीला सैनिकांनी जांभळा झगा चढवला की पहिली निकड पैशांची. राज्यारोहणाच्या वेळी सैनिकांना बक्षिसी वाटायची रीत होती आणि ती चुकवणाऱ्याचं डोकं धडावर राहत नसे. म्हणून घाईने टाकसाळ ताब्यात घ्यायची, कारागिराकडून ठसे कोरून घ्यायचे. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चकती, वर दुसरा ठसा आणि हातोड्याचा घाव. एका जोडीतून हजारो नाणी पडत. जिथे हा सम्राट कधी पोचणार नव्हता, तिथेही त्याचं नाव पोचत होतं.

या नाण्यांवरचा मजकूर वाचताना मला पकॅशियानस नेहमी थांबवतो. २४८ साली सम्राट फिलिपने रोमच्या हजाराव्या वर्षाचा मोठा उत्सव केला. त्याच सुमारास डॅन्यूब नदीकाठच्या फौजेने पकॅशियानसला सम्राट केलं आणि त्याने नाण्यावर कोरून घेतलं, ‘शाश्वत रोमला, वर्ष एक हजार एक’. उत्सव दुसऱ्याचा, पण पुढचं सहस्रक माझ्यापासून सुरू, असा तो दावा. थोड्याच काळात त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं. ते १००१वं वर्ष नाण्यावर राहिलं.

२६० साली गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, पोस्टुमसने वेगळं राज्य मांडलं. २६९ मध्ये माइन्झला लेलियानसने त्याच्याविरुद्ध बंड केलं. पोस्टुमसने ते मोडलं, पण स्वतःच्या सैनिकांना शहर लुटू दिलं नाही आणि त्यांनी त्यालाच ठार केलं. मग मारियस आला. हा लोहार होता, तीनच दिवस सम्राट होता आणि स्वतः घडवलेल्या तलवारीनेच मेला, असं जुने ग्रंथकार लिहितात. गोष्ट रंगतदार आहे, पण मारियसची नाणी इतकी सापडतात की तीन दिवसांत ती पाडून होणं शक्य नाही. राज्य काही महिने तरी चाललं असणार. त्याची बाजू मांडायला नाण्यांखेरीज कुणी उरलं नव्हतं.

सगळ्यांना टाकसाळ मिळाली असंही नाही. साधारण २६० साली कार्नुंटमला, आजच्या ऑस्ट्रियात, रेगॅलियानसने आधीच्या सम्राटांची जुनी चांदीची नाणी घेतली आणि त्यांवरच आपला ठसा मारला. पत्नी ड्रायंटिलाच्या नावाचीही नाणी त्याने तशीच काढली. नाणं तिरपं धरलं की नव्या चेहऱ्याखालून जुनी अक्षरं डोकावतात. मराठी वाचकाला इथे जोगळटेंभी आठवेल. १९०६ साली नाशिकजवळ सापडलेल्या त्या साठ्यात शक क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटवला होता. गौतमीपुत्राने ते जेत्याच्या अधिकाराने केलं, रेगॅलियानसने नड म्हणून.

बंडखोरांमध्ये नाण्याची ताकद खरी ओळखली ती कॅरॉशियसने. इंग्लिश खाडीत चाच्यांचा बंदोबस्त करायला नेमलेला हा आरमारी अधिकारी. जप्त केलेली लूट स्वतःच ठेवतो असा आरोप झाला, सम्राट मॅक्सिमियनने देहदंड फर्मावला, आणि २८६ साली आरमारासह ब्रिटनमध्ये जाऊन त्याने स्वतःला सम्राट जाहीर केलं. रोमचं चलन तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्यावर आलं होतं. अशा वेळी याने पुन्हा चांगल्या कसाची चांदीची नाणी काढली. त्यांतल्या काहींच्या तळाशी ‘आर एस आर’ ही तीन अक्षरं आहेत. एका पदकावर ती आहेतच, दुसऱ्यावर आणखी एक अक्षरांची ओळ आहे. वर्षानुवर्षं त्यांचा नीट उलगडा होत नव्हता. १९९० च्या दशकात इतिहासकार गी द ला बेडोयेर यांनी दाखवून दिलं, की ही व्हर्जिलच्या एका कवितेतल्या लागोपाठच्या ओळींची आद्याक्षरं आहेत. सॅटर्न देवाचं सुवर्णयुग परत येतं आहे, आकाशातून नवी पिढी उतरते आहे, असा त्यांचा अर्थ. सीमेवरच्या बंडखोराने रोमच्या सगळ्यात मोठ्या कवीला साक्षीला बोलावलं होतं.

आणखी एका नाण्यावर शेजारी शेजारी तीन चेहरे आहेत आणि मजकूर आहे ‘कॅरॉशियस आणि त्याचे बंधू’. बंधू म्हणजे रोमचे तेव्हाचे दोन सम्राट, डायोक्लेशियन आणि तोच मॅक्सिमियन, ज्याने त्याला मृत्युदंड दिला होता. त्या दोघांनी हे नातं कधीच मानलं नाही. २९३ साली त्याच्याच कारभाऱ्याने, अलेक्टसने, त्याला मारलं आणि २९६ मध्ये ब्रिटन परत रोमकडे गेलं.

मग जिंकणाऱ्यांनी ही नाणी वितळवून का टाकली नाहीत? पहिल्या शतकात सम्राट कॅलिग्युलाची ब्राँझची नाणी वितळवावीत असा ठराव सेनेटने केल्याचं इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. तरी ती आजही मिळतात. तिसऱ्या शतकात तर चलन इतकं पसरलेलं होतं, की ते गोळा करणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. २०१० साली इंग्लंडमध्ये फ्रोमजवळ एकाच रांजणात ५२,५०३ नाणी निघाली. त्यांत कॅरॉशियसची साडेसातशेहून जास्त होती.

भारतात रोमन नाणी भरपूर सापडतात, पण ती मुख्यतः दक्षिणेत, आणि त्यांत ऑगस्टस व टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांची चांदी-सोन्याची नाणी ठळक. मिरीच्या व्यापाऱ्याला कस हवा होता. कस गेलेली तिसऱ्या शतकातली नाणी त्याच्या कामाची नव्हती, म्हणून या बंडखोरांची गाठ आपल्या मातीत सहसा पडत नाही.

या नाण्यांचा छंद जुना आहे. १३५४ साली कवी पेट्रार्कने मांतुआ इथे चौथ्या चार्ल्स राजाला रोमन सम्राटांची नाणी भेट दिली, या थोरांसारखा हो, असं सांगून. पुढे युरोपातल्या धनिकांना तबकात ओळीने सगळे सम्राट मांडायचे असत. ओळ लावली की रिकामी खोबण डोळ्यांत सलते, आणि ती नेमकी औट घटकेच्या राजांची असते. ६९ साली ओथो तीन महिने सम्राट होता. रोमच्या टाकसाळीने त्याच्यासाठी सोनं-चांदी पाडली, पण पितळेची मोठी नाणी पाडलीच नाहीत. संग्राहकांना ती हवी होती, म्हणून बनावटवाल्यांनी ती पुरवली.

त्यांच्यातला सगळ्यात कुशल कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०). ठसे तो स्वतः पोलादात कोरी. ताजं नाणं जुनं दिसावं म्हणून लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या पेटीत टाकी, पेटी घोडागाडीला बांधी आणि खडबडीत रस्त्याने फिरवून आणी. आपल्या ‘म्हाताऱ्यांना’ फिरायला नेलं, असं तो म्हणे. बेकरसारख्यांनी पोळलेले लोक नांतच्या डोमिशियानसकडे संशयाने पाहत होते, याचं मला नवल वाटत नाही.

२००३ साली ऑक्सफर्डजवळ चालग्रोव्हच्या शेतात धातुशोधक यंत्राने एक मडकं सापडलं. आत ४,९५७ नाणी एकमेकांना चिकटून गोळा झालेली. सापडलेला गोळा तसाच ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. तिथे नाणी एकेक करून सुटी केली तेव्हा त्यांतून डोमिशियानस बाहेर आला. मागच्या बाजूला ‘सैनिकांचं ऐक्य’, हाताखालची फौज फुटण्याची धास्ती असलेला माणूस जे कोरून घेईल तेच. नांतच्या नाण्याशी ताडून पाहिलं तर दोन्ही नाणी त्याच ठशांच्या जोडीतून पडलेली. शंभर वर्षांपूर्वीचा निकाल फिरला. साधारण २७१ साली हा माणूस गॉलमध्ये थोडे दिवस खरोखर सम्राट होता.

स्पॉन्सियानसला अशी साक्ष मिळालेली नाही. १७१३ साली ट्रान्सिल्व्हेनियात सापडलेल्या सोन्याच्या नाण्यांवर हे नाव आहे. त्यांची दुसरी बाजू जवळपास चारशे वर्षं आधीच्या चांदीच्या नाण्यावरून उचललेली आहे, आणि नाणी ठशाने पाडलेली नाहीत, साच्यात ओतलेली आहेत. १८६८ मध्ये नाण्यांचा अभ्यासक आंरी कोहेनने ती भिकार बनावट ठरवली. २०२२ साली ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातलं नाणं सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्यांना झिजेचे ओरखडे आणि त्यांवर घट्ट बसलेली माती दिसली. नाणी अस्सल आहेत आणि स्पॉन्सियानस रोमपासून तुटलेल्या डेसिया प्रांतातला सेनापती असावा, असं त्यांचं मत. बऱ्याच नाणकशास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही. चालग्रोव्हच्या मडक्यासारखं, जाग्यावरून न हललेलं मडकं स्पॉन्सियानसच्या वाट्याला अजून आलेलं नाही.