अख्खी कोंबडी ग्रिलवर: बारीक आच वेगळी, इनडायरेक्ट आच वेगळी

मेमोरियल डेला (अमेरिकेत मे महिन्याचा शेवटचा सोमवार) बॅकयार्डातल्या ग्रिलवरची कव्हरं निघाली, की पुढच्या आठवड्यात हा प्रश्न ठरलेला: ‘अरे, आच अगदी बारीक ठेवली होती. तरी बाहेरून कोळसा आणि हाडाजवळ कच्ची कशी?’

आच बारीक केली, पण तिची जागा बदलली नाही, म्हणून. इनडायरेक्ट म्हणजे बारीक आच, हा समज इतका मुरलाय की एरवी उत्तम मटण शिजवणारी माणसंही तिन्ही बर्नर ‘लो’वर ठेवतात, मधोमध दोन किलोची कोंबडी बसवतात आणि ‘इनडायरेक्ट केलंय’ म्हणून निश्चिंत होतात. ते इनडायरेक्ट नाही. ती सावकाश करपणारी डायरेक्ट कोंबडी आहे.

डायरेक्टबद्दल फार सांगायला नको. शेगडीवरचं कणीस, भरताचं वांगं, निखाऱ्यावरचा सुका बोंबील, टिक्क्याच्या सळया: खाली विस्तव, वर पदार्थ. पातळ किंवा लहान तुकड्यांना हीच आच हवी. दहा-पंधरा मिनिटांत काम फत्ते.

इनडायरेक्ट ओळखायची खूण एकच. वाकून कोंबडीच्या बरोबर खाली बघा. तिथे पेटलेला बर्नर किंवा निखारा असेल, तर ती आच डायरेक्ट, मग ती कितीही बारीक असो. विस्तव बाजूला असेल, कोंबडीखाली नुसता रिकामा ट्रे असेल आणि वर झाकण घट्ट बसलेलं असेल, तर ती इनडायरेक्ट, मग ती कितीही कडक असो. कडक इनडायरेक्ट आच असते, आणि कोंबडीला तीच लागते. घोळ होतो तो इथेच.

असं का, ते नीट बघू. निखाऱ्याची धग समोर दिसेल त्या पृष्ठभागावर सरळ आदळते. टिक्क्याचा तुकडा इंच-दीड इंचाचा, त्यामुळे बाहेर खरपूस होईतो आतही शिजून जातो. अख्ख्या कोंबडीत मांडीच्या सांध्यापर्यंत उष्णता मांसातून हळूहळू झिरपत जावी लागते आणि त्याला तासाच्या वर वेळ लागतो. तेवढा वेळ खालून धग लागत राहिली, तर खालची बाजू करपणारच. आच निम्मी केली तर करपायला वेळ जास्त लागेल, इतकंच. शिवाय कातडीखालची चरबी वितळून विस्तवावर ठिबकते, भडका उडतो आणि काजळी चढते. त्या कडवट काळ्या थराला ‘स्मोकी फ्लेवर’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

विस्तव बाजूला सारून झाकण लावलं, की कोंबडी धगीऐवजी फिरत्या गरम हवेत शिजते. हवा खालून, वरून, पोटाच्या पोकळीतूनही जाते. आपल्याकडे हे काही नवं नाही. रायगडातली पोपटी आठवा: भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि चिकन भरलेलं मडकं उपडं ठेवून जाळ भोवती लावतात. ज्वाळा चिकनला शिवत नाही. फरक एवढाच, की पोपटीत वाफ कोंडलेली असते, ग्रिलमध्ये हवा कोरडी आणि वाहती असते. म्हणून पोपटीतलं चिकन लुसलुशीत होतं, ग्रिलमधल्या कोंबडीची कातडीही कुरकुरीत होते.

झाकण म्हणूनच ऐच्छिक नाही. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन उघड्या ग्रिलवरच्या वाऱ्याला नि धुराला वैतागले होते. कारखान्यात धातूचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे खुणेचे गोळे, बनत. १९५२ साली त्यांनी तसला एक गोळा मधोमध कापून खाली शेगडी, वर झाकण केलं आणि हवेला भोकं ठेवली. आजची किटली-ग्रिल तीच. तिच्यावर झाकण उघडं टाकून अख्खी कोंबडी भाजायची म्हणजे तो सगळा खटाटोप पाण्यात.

मांडणी सोपी आहे. तीन बर्नर असतील तर कडेचे दोन पेटवा, मधला बंद. बारीक नव्हे, बंद. दोनच असतील तर एक पेटवा आणि कोंबडी दुसऱ्यावर ठेवून तंगड्या आगीच्या दिशेला करा. अर्ध्या वेळाने तिची कूस बदला. कोळशावर असाल तर फुललेले निखारे दोन्ही कडांना, मध्ये ॲल्युमिनियमचा ट्रे, ब्रेस्ट वरच्या अंगाला. ट्रेमध्ये थोडं पाणी घातलं तर पडणारी चरबी जळत नाही. त्या पाण्याने कोंबडी रसरशीत होते ही मात्र भाबडी समजूत. वरचं भोक उघडंच राहू द्या, आच खालच्या भोकाने कमीजास्त करा. पाऊण तासाने दोन्ही कडांना पाच-सहा नवे कोळसे टाका. कोळसा की गॅस या वादात मी पडत नाही. अख्ख्या कोंबडीपुरता फरक किरकोळ आहे.

आता याच गैरसमजाची दुसरी बाजू. कुणीतरी टेक्सासचा ब्रिस्केट खाऊन येतो आणि मग कोंबडीही ‘लो अँड स्लो’ करायला निघतो: २५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १२० सेल्सियसला, तीन-चार तास. इथे विस्तव खरोखरच बाजूला असतो, पण ‘इनडायरेक्ट आहे ना, मग मंदच हवी’ हे डोक्यात बसलेलं. ब्रिस्केट हा गाईच्या छातीचा राबलेला, चिवट भाग. त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारं प्रथिन, विरघळायला तास न् तास लागतात. पाच-सात आठवड्यांच्या ब्रॉयलरच्या ब्रेस्टमध्ये विरघळवण्यासारखं असतं काय? मांसाचं काही बिघडलं नाही तरी कातडी रबरासारखी वातड होते. कोंबडीला झाकणाखाली ३७५ ते ४०० फॅरनहाइट द्या, सेल्सियसमध्ये १९० ते २०५. पावणेदोन-दोन किलोचा पक्षी सव्वा तासाच्या आसपास होतो.

हे तापमानही कोंबडीच्या उंचीवर मोजलेलं हवं. झाकणावरचा गोल काटा सांगतो ते झाकणाशी असलेलं तापमान, आणि कोंबडी काही झाकणाला टांगलेली नसते. दर पाच मिनिटांनी झाकण उचलून ‘बघू तरी’ करणारे पाहुणे असतील, तर त्यांच्या हातात कांदा चिरायला द्या.

कोंबडी झाली का, हे सुरी खुपसून ‘पाणी स्वच्छ आलं का’ बघून कळत नाही. कोवळ्या पक्ष्याच्या हाडाजवळचं मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबी दिसू शकतं आणि स्वच्छ रस आला तरी सांधा कच्चा असू शकतो. टोकदार थर्मामीटर घ्या. अमेरिकी कृषी खात्याचा आकडा १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस. ब्रेस्टच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला टेकू न देता, तेवढं भरलं की पुरे. त्यापुढे प्रत्येक अंशाला रस पिळून निघतो आणि शेवटी चिपाड हाती येतं. तंगडीचं उलट: ती १७५-१८० फॅरनहाइटला खरी मऊ होते. म्हणून तंगड्या आगीच्या जवळ, ब्रेस्ट लांब. उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं तिला हात लावू नका. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळू तर नकाच, कमावलेली कुरकुरीत कातडी वाफेने ओली होते.

मसाल्याबद्दल थोडंच. आत शिरतं ते मीठ. हळद, तिखट, आलं-लसूण, दही हे सगळं वरच्या काही मिलिमीटरातच राहतं. तेव्हा किलोमागे दहा-बारा ग्रॅम मीठ आदल्या रात्री आतूनबाहेरून चोळा आणि कोंबडी फ्रिजमध्ये उघडीच ठेवा, कातडी कोरडी होते. मालवणी मसाला तेलात कालवून सकाळी कातडीखाली भरा. दह्याचा जाड लेप कातडीवर लावलात तर कुरकुरीतपणा विसरा. साखर असलेला बार्बेक्यू सॉस शेवटच्या दहा मिनिटांत. आणि बिअरच्या कॅनवर कोंबडी बसवायचा तमाशा कृपा करून थांबवा: बिअर कॅनमध्येच राहते आणि पोटातून जाणारी गरम हवा तेवढी अडते.

‘मग तंदुरी कशी होते डायरेक्टवर?’ हा पुढचा प्रश्न. तंदूरची भिंतच चहूबाजूंनी तापलेली असते, पक्षी किलोच्या आतला, कातडी काढलेला आणि चिरे दिलेला असतो. त्या तीन गोष्टी तुमच्या ग्रिलवरच्या, कॉस्टकोसारख्या अमेरिकी सुपरमार्केटातल्या पक्ष्यात नाहीत. घाईच असेल तर पाठीचा कणा कात्रीने कापून काढा आणि छातीवर दाबून कोंबडी पसरट करा. मांडणी इनडायरेक्टच, पण पाऊण तासात होते आणि शेवटची तीन-चार मिनिटं कातडीची बाजू खाली करून थेट निखाऱ्यावर धरता येते. तेवढ्यापुरती डायरेक्ट आच मलाही मंजूर आहे, चिमटा हातातून सोडायचा नाही या अटीवर.

कर्जतच्या फार्महाउसवर हा बेत असेल, तर चिकनवाल्याला आधीच ‘विथ स्किन’ सांगून ठेवा. आपल्याकडे पिसांसकट कातडी ओढून काढायची पद्धत आहे आणि सोललेला अख्खा पक्षी कोरड्या गरम हवेत तासभर ठेवला तर वरचं मांस सुकतं. सोललेलीच मिळाली, तर तिला दह्याचा लेप द्या, वरून दोनदा तूप सोडा, आणि शक्यतो किलोच्या आतलीच घ्या.