रक्तदाबाच्या रुग्णाला स्नायू सैल करायला शिकवताना

'टेन्शन घेऊ नका' एवढं सांगून कुणाचाच रक्तदाब उतरत नाही. अंग सैल कसं सोडायचं, हे शिकवावं लागतं आणि ते काम बहुधा सिस्टरकडेच येतं. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यासाठी एक रीत बसवली. स्नायूंचा एक गट मुद्दाम आवळायचा, मग एकदम सोडायचा आणि दोन्हींतला फरक ओळखायचा. अंग सैल पडलं की सिंपथेटिक मज्जासंस्थेचा (ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या नसांचा) जोर ओसरतो, नाडी मंदावते, बारीक रोहिण्या थोड्या रुंदावतात. दाब थोडाच उतरतो, म्हणून ही गोळीची जोड आहे, गोळीला पर्याय नाही.

रुग्णाला लघवीला जाऊन यायला सांगा. चष्मा काढा, कंबरेचं सैल करा, गुडघ्यांखाली उशी द्या. सुरुवात उजव्या मुठीपासून: ५ ते ७ सेकंद आवळायची, झटकन सोडायची आणि पुढचे २० ते ३० सेकंद काहीच करायचं नाही. पुन्हा एकदा तेच. मग दंड, दुसरा हात, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. सगळे गट दोनदा घ्यायला साधारण २० मिनिटं लागतात. घाईत कापला जातो तो सोडण्याचा वेळ, आणि खरा उपयोग तर त्याचाच असतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे श्वास रोखणं. स्नायू जोरात आवळला की दाब तेवढ्यापुरता वाढतोच. श्वास कोंडला तर आणखी चढतो. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने निम्माच जोर लावावा आणि आकडे मोठ्याने मोजावेत. मोजणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. पोटरीसाठी पायाची बोटं आपल्याकडे ओढायची. खाली ताणली तर गोळा येतो. मणक्याचा त्रास असेल तर मान फक्त उशीवर हलकेच टेकवायची. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळ्यांचा गट वगळायचा.

खानदेशात वेळेचं भान हवं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घाम गेलेला, त्यात लघवीची गोळी चालू, असा माणूस एकदम उठला तर भोवळ येऊन पडतो. व्यायाम पहाटे किंवा रात्री घ्यावा आणि झाल्यावर दोन मिनिटं खाटेच्या कडेवर बसवावं. भाषेचंही तसंच. 'जिभाऊ, खांदे सैल सोडा' असं ओळखीच्या बोलीत, हळू आवाजात सांगितलं तर अंग लवकर ऐकतं. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या रुग्णासाठी आशाताईंना सोबत घ्यावं.

दाब आधी आणि नंतर मोजून वहीत लिहा. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवायचं, उघड्या दंडावर बरोबर मापाचा पट्टा बांधायचा आणि हात हृदयाच्या उंचीवर टेकवायचा. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजायचं. नोंदी बऱ्या दिसल्या म्हणून गोळी स्वतःहून कमी करायची नाही. वही डॉक्टरांना दाखवायची.

दाब १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अंधुक दिसणं, जीभ जड होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर व्यायाम घ्यायचा नाही. लगेच १०८ ला फोन करायचा.