एकच पुनव, दोन पूर्णिमा

आषाढी पौर्णिमेला सकाळी भुसावळच्या एस.टी. स्टँडवर उभं राहिलं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. कुणाच्या पिशवीत नारळ, पेढे, झेंडूचा हार. तो यावलच्या गाडीची वाट बघतोय. पलीकडे पांढऱ्या साड्या नेसलेल्या चार बाया, हातात मेणबत्त्या-अगरबत्तीचे पुडे, विहारात जायला रिक्षा ठरवताहेत. दोघांच्याही मोबाइलवर ‘गुरुपौर्णिमेच्या हार्दिक शुभेच्छा’ येऊन पडलेल्या असतात आणि कुठल्या तरी ग्रुपवर त्यावरून जुंपलेली असते. एक म्हणतो, सण आमचा. दुसरा म्हणतो, मुळात बुद्धांचा, तुम्ही नाव बदललं. तिथी एक म्हणजे गोष्टही एकच, हे मात्र दोघांनीही धरलेलं असतं. घोळ तिथेच आहे.

यावलला जाणारा माणूस तापी ओलांडून, केळीच्या बागांमधून महर्षी व्यासांच्या मंदिरात जातो. व्यासांचं मंदिर ही तशी विरळ गोष्ट. म्हणून या दिवशी तिथे गर्दी लोटते. आषाढ शुद्ध पौर्णिमा ही परंपरेने व्यासांची जन्मतिथी, म्हणूनच तिचं जुनं नाव व्यासपौर्णिमा. कृष्णद्वैपायन हे त्यांचं नाव. वेदांची चार भागांत मांडणी करून त्यांनी ते पैल, वैशंपायन, जैमिनी आणि सुमंतू या चार शिष्यांना दिले, आणि महाभारत रचलं, अशी श्रद्धा आहे. थोडक्यात, व्यास हे गुरूंचे गुरू. त्यांना नमस्कार केला की तो आपापल्या गुरूपर्यंत पोचतो. त्यामुळे कुणी स्वामी समर्थांच्या केंद्रात जातो, कुणी गावच्या महाराजांच्या मठात, कुणी तालमीतल्या वस्तादाच्या पाया पडतो. दुपारी भंडाऱ्यात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. ती सोडून कुणी घरी जेवायला जात नाही, हेही सांगून टाकतो.

विहारातल्या बाया मात्र कुणाची जयंती साजरी करत नाहीत. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध सारनाथला, म्हणजे इसिपतनच्या मृगवनात गेले. कोंडञ्ञ, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी हे त्यांना पूर्वी सोडून गेलेले पाच साथीदार तिथे भेटले आणि बुद्धांनी त्यांना पहिलं प्रवचन दिलं. मध्यम मार्ग, चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग हा त्याचा गाभा. धम्माचं चाक फिरलं, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन झालं, ते याच पौर्णिमेला. एकीकडे आठवतात शिकवणारा, दुसरीकडे शिकवण्याचा तो प्रसंग. माझ्या मते खरा फरक एवढाच, पण तो लहान नाही. अखेरच्या काळात बुद्धांनी आनंदाला सांगितलं की माझ्यामागे धम्म आणि विनय, म्हणजे भिक्षूंचे नियम, हेच तुमचे शास्ते, तुम्हाला शिकवणारे. गादीवर वारस बसवला नाही. व्यासांकडून मात्र परंपरा माणसाकडून माणसाकडे येते, म्हणून तिथे पाऊल, पादुका, दीक्षा यांना मोल.

पण ‘गुरू’ हा शब्दच बौद्धांना परका, असं कुणी म्हणायला लागलं तर तेही खरं नाही. बाबासाहेब स्वतः बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना आपले गुरू म्हणत. शब्दांची गंमत उलट बाजूनेही आहे. आपण सभेच्या मंचाला सर्रास ‘व्यासपीठ’ म्हणतो. आंबेडकरी कार्यक्रमांत बरेच वक्ते जाणूनबुजून ‘विचारपीठ’ म्हणतात. एकदा हे कानाला टिपता आलं की सूत्रसंचालकाच्या पहिल्याच वाक्यावरून कळतं, आपण कुठल्या मांडवात बसलोय.

आणखी एक गल्लत बौद्ध घरांतही होते. धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हटलं की डोळ्यांसमोर नागपूरची दीक्षाभूमी येते. तो दिवस दसऱ्याचा, १४ ऑक्टोबर १९५६ चा. बाबासाहेबांनी तेव्हा चाक पुन्हा फिरवलं, म्हणून नाव तेच. सारनाथचा दिवस आषाढी पौर्णिमेचा.

दोन्ही पौर्णिमांना जोडणारा धागा शोधायचा तर तो पावसात आहे. आषाढात आपल्या काळ्या जमिनीतून चालून बघा. दहा पावलांत चप्पल शेरभर जड होते, अकराव्या पावलाला ती चिखलातच राहते. भिक्षू अशा दिवसांतही फिरत, तेव्हा लोकांनी कुरकुर केली: पाखरंसुद्धा पावसाळ्यात घरटं धरतात, हे मात्र हिरवं गवत तुडवत, बारीक जीव मारत हिंडतात. मग बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. तोच वर्षावास, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून. ज्या वाघूरचं पाणी जळगावकरांच्या नळाला येतं, तिच्याच वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. त्यांतल्या विहारांच्या भिंतींत ओळीने लहान खोल्या खोदल्या आहेत, आत दगडी ओटा. आषाढात खाली वाघूर गढूळ होऊन धावत असताना तिथे बसलं की वर्षावास म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आज विहारांमधून या तीन महिन्यांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं.

संन्यासीही याच दिवशी व्यासपूजा करून मुक्काम धरतात, कारणही तेच: पावसात जीवजंतू पायाखाली येऊ नयेत. फक्त त्यांचा हिशोब न्यारा. आपल्या घरातला चातुर्मास आषाढी एकादशीला बसतो आणि कार्तिकी एकादशीला उठतो. संन्यासी एका पंधरवड्यालाच महिना मानतात, त्यामुळे त्यांचे चार ‘महिने’ भाद्रपद पौर्णिमेला पुरे होतात. वर्षावास त्यानंतर महिनाभर चालतो आणि आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला संपतो.

हा मधला महिना खान्देशात मुलींचा. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई, म्हणजे मातीच्या मूर्तीतली पार्वती, बसते, कोजागिरीला जाते. संन्यासी वाटेला लागलेले, भिक्षू अजून खोलीत, आणि गल्लीत टिपऱ्या वाजवत, आज खाऊ काय आणला ते ओळखत पोरी घरोघर फिरतात.