धुळीची ॲलर्जी आणि श्वासनलिकेचे अस्तर: पार्श्वभूमी

धुळीने शिंका येतात, एखाद्याला दमाही लागतो, हे पूर्वापार ठाऊक होते. धुळीतले नेमके काय बाधते, ते १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनला फोरहॉर्स्ट आणि स्पीक्समा यांच्या कामातून कळले: गादी-उशीत राहणारा, जेमतेम ०.३ मिलिमीटरचा धूळकिडा. (हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकली तर तो सुकून मरतो, मुंबई-कोकणात पावसाळ्यात ते कुठले व्हायला!) १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याला आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांना आयजीई प्रतिपिंड सापडले आणि कोडे सुटल्यासारखे वाटले. कण आत येतो, आयजीई त्याला ओळखते, मास्ट पेशी (ऊतींमधल्या संरक्षक पेशी) हिस्टामिन हे शिंका-सूज आणणारे रसायन सोडतात. या हिशेबात श्वासनलिकेचे अस्तर म्हणजे नुसती भिंत.

पण नाकातून रोज कितीतरी प्रथिने आत जातात. शरीर मोजक्यांवरच का उखडते? पहिला धागा १९८८ मध्ये मिळाला. किड्याच्या विष्ठेतले मुख्य ॲलर्जीकारक, डेर पी १, हे प्रथिने कापणारे एन्झाइम निघाले, कच्च्या पपईतल्या पपेनच्या नात्यातले. १९९९ मध्ये दिसले की ही कात्री अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट जोडणारे ऑक्लुडिनही तोडते. शिवण उसवली की कण खालच्या डेंड्रायटिक पेशींपर्यंत, म्हणजे परक्या पदार्थाची वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्यांपर्यंत पोचतो.

इथवरही अस्तराचा दोष एवढाच, की त्याला भोक पडते. चित्र पालटले २००९ मध्ये, बेल्जियममधल्या हमाद आणि लाम्ब्रेख्ट यांच्या प्रयोगाने. उंदरांना किरणोत्सर्ग देऊन त्यांची अस्थिमज्जा बदलली. म्हणजे रक्तपेशी दुसऱ्या उंदराच्या, अस्तर मात्र मूळचे. टीएलआर४ हा परक्या पदार्थाची चाहूल घेणारा संवेदक अस्तरासारख्या मूळ पेशींत नसला, तर धूळकिड्याचा अर्क देऊनही दम्याची लक्षणे उमटेनात. तो रक्तपेशींत नसला तर ती उमटतच. हाकाटी सुरू होत होती ती भिंतीतूनच.

ही हाकाटी अस्तर सोडते त्या तीन निरोप्या रेणूंनी होते: टीएसएलपी, आयएल-२५ आणि आयएल-३३. यातले आयएल-३३ पेशीच्या केंद्रकात आधीच भरलेले असते, पेशी जखमी झाली की बाहेर सांडते. धूळकिडा, बुरशी, पराग यांतली एन्झाइम्स त्याला छाटतात आणि छाटलेला तुकडा कैक पटींनी जहाल होतो, हे २०१८ मध्ये समजले.

आयजीईला अडवणारे औषध ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्येच आले होते. टीएसएलपीला अडवणारे तेझेपेलुमॅब तिथे डिसेंबर २०२१ मध्ये मान्य झाले: तीव्र दम्यासाठी दर चार आठवड्यांनी २१० मिलिग्रॅम, त्वचेखाली. ॲलर्जी नसलेल्या काही दमेकऱ्यांनाही त्याचा गुण येतो, कारण त्याचा रोख आयजीईच्या कितीतरी आधीच्या पायरीवर आहे.